जुनी सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी लातूरमध्ये ठेवावी का?

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिल्लीहून आलेली, २०११ सालची, ८० हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली बी.एम.डब्ल्यू. ३२५आय ही पेट्रोल गाडी प्रश्नकर्त्यांना आकर्षक किमतीत मिळत आहे. गाडीत अडीच लिटरचे, सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन आहे. ओळखीच्या मेकॅनिकचे मत असे की सहा सिलिंडर म्हणजे चारपेक्षा दीडपट भाग आणि दीडपट कटकट. महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जाणे-येणे आणि एरवी शहरातल्या शहरात फिरणे असा वापर आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे इंजिन टिकेल का, आणि आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्याला चालेल का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

माझे मत आधीच सांगतो. या इंजिनाचे गाभ्याचे भाग, म्हणजे क्रँक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि टायमिंग चेन, हे नेमाने ऑइल बदलले असेल तर दोन लाख किलोमीटरच्या पुढेही सहज जातात. चालवून चालवून हे इंजिन संपलेले मी फारसे पाहिलेले नाही. एकदाच बेसुमार तापल्यामुळे कायमचे निकामी झालेले मात्र पाहिले आहे. त्यामुळे आपण गाडी घेत असाल तर इंजिनापेक्षा त्याच्या शीतकरण व्यवस्थेचे वय तपासा, आणि ते वय किलोमीटरमध्ये न मोजता वर्षांमध्ये मोजा.

मेकॅनिकच्या आक्षेपाचा विचार प्रथम करू, कारण तो वरवर पटणारा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, पण कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे वरच्या आणि खालच्या अर्ध्या फेरीतील पिस्टनची गती सारखी नसते. त्यातून क्रँकच्या दुप्पट वेगाने थरथरणारे एक बल शिल्लक राहते, आणि ते शमवण्यासाठी मोठ्या चार सिलिंडर इंजिनांमध्ये बॅलन्स शाफ्ट बसवावे लागतात. सरळ रांगेतील सहा सिलिंडरमध्ये क्रँकचे कोन १२० अंशांनी विभागलेले असतात आणि पुढचे तीन पिस्टन मागच्या तिघांचे आरशातील प्रतिबिंब असतात. त्यामुळे हे दुय्यम बलही आणि इंजिनाला पुढे-मागे डोलवणारे घूर्णही आपोआप शून्य होते. १-५-३-६-२-४ या क्रमाने दर १२० अंशांना एक ज्वलन होत असल्याने क्रँकवर येणारा जोरही अखंड असतो. म्हणजे सिलिंडर वाढले तरी प्रत्येक सिलिंडरवरचा, बेअरिंगवरचा आणि इंजिन माउंटिंगवरचा ताण कमी होतो. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर चाराऐवजी सहा लागतात, हा मेकॅनिकच्या म्हणण्यातला खरा भाग. पण ते बाहेरून बदलता येणारे भाग आहेत. लांब क्रँकशाफ्ट पिळला जाण्याची प्रवृत्ती ही या रचनेची एकमेव खरी अडचण असून तिच्यासाठी पुढच्या पुलीत रबराचा डँपर असतो. पंधरा वर्षांनी त्या रबराला तडे गेले आहेत का, एवढे पाहावे.

सहा सिलिंडर दोन फळ्यांत मांडले, म्हणजे व्ही-६ केले, की हे नैसर्गिक संतुलन जाते. २०१० साली आपल्या संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या त्या काळात मर्सिडीजचे एम २७२ हे व्ही-६ पेट्रोल इंजिन प्रचलित होते. त्याच्या दोन फळ्यांतला कोन ९० अंशांचा असल्यामुळे त्याला बॅलन्स शाफ्ट लागतो, आणि सुरुवातीच्या उत्पादनात त्या शाफ्टवरील चेनचे दातेरी चाक पुरेसे कठीण नसल्याने झिजत असे. भाग लहान, पण तो बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते. शेंद्र्यात जुळणी झालेल्या स्कोडा सुपर्बच्या ३.६ लिटर इंजिनात दोन फळ्यांमधील कोन जेमतेम १०.६ अंश आहे आणि टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेनचे काम निघाले की गिअरबॉक्स काढणे आले. ही इंजिने वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. दुरुस्तीचा खर्च सिलिंडरच्या संख्येपेक्षा मांडणीवर अधिक अवलंबून असतो, आणि मांडणीच्या बाबतीत आपण पाहिलेली गाडी उजवी आहे.

आता त्या गाडीतील इंजिनाकडे वळतो. एन ५२ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन २००४ साली आले आणि २०१५ पर्यंत बनत राहिले. त्याचे वेगळेपण ब्लॉकमध्ये आहे. सिलिंडर आणि त्याभोवतीचे पाण्याचे मार्ग सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या अॅल्युमिनियमचे, आणि त्यावर बाहेरून ओतलेले कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलके असल्याने संपूर्ण इंजिनाचे वजन १६० किलोच्या आसपास आणता आले. मात्र मॅग्नेशियम गंजाला फार हळवे असते. म्हणूनच कूलंट त्याला स्पर्श करणार नाही अशी रचना केली आहे, आणि म्हणूनच ब्लॉकमध्ये जाणारे बोल्ट पोलादाचे नसून अॅल्युमिनियमचे आहेत, कारण पोलाद आणि मॅग्नेशियम ओलाव्यात एकत्र आले की मॅग्नेशियम खाल्ले जाते. हे बोल्ट ठरलेल्या कोनापर्यंत ताणून आवळायचे असतात आणि एकदा काढले की फेकून द्यायचे असतात. जुनाच बोल्ट पुन्हा लावणे, किंवा पेटीत सापडला म्हणून लोखंडी बोल्ट मारणे, ही सवय इतर गाड्यांत खपून जाते. येथे त्यामुळे त्या भोकातले आटे संपू शकतात. लातूरमध्ये, नांदेडमध्ये किंवा परभणीत हे काम कुणाकडून करून घेणार असाल तर पहिला प्रश्न बोल्टविषयी विचारा. उत्तर काय मिळते यावरून माणसाला इंजिन माहीत आहे की नाही ते कळेल.

या रचनेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. आपल्याकडे इंजिन उघडले की लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे, हेडला फेसिंग मारणे आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत आहे, आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकसाठी ती उत्तमच आहे. या इंजिनात बाहेरून बसवलेली स्लीव्ह नाही. सिलिंडरचा पृष्ठभाग म्हणजे त्याच अॅल्युमिनियममधून उघडे केलेले सिलिकॉनचे कठीण कण, आणि पिस्टन त्या कणांवर चालतो. साध्या होनिंगने, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासण्याने, ते कण उखडले जातात आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. इंजिन अति तापले तर हेड वाकते, आणि त्याबरोबर हेड बोल्टचे आटे ब्लॉकमधून ओढले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा दुसरे जुने इंजिन आणून बसवणे स्वस्त पडते. तापण्याविषयी मी एवढे आग्रहाने लिहितो ते यामुळेच.

हे इंजिन मुळात गरम चालण्यासाठीच बनवले आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हलक्या भारावर इंधन वाचावे म्हणून त्याचा संगणक कूलंटचे तापमान ११० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ देतो आणि जोर वाढला की थर्मोस्टॅट विजेने उघडून ते खाली आणतो. अर्धे कूलंट आणि अर्धे पाणी हे मिश्रण हवेच्या सामान्य दाबाखाली साधारण १०७ अंशांना उकळते. ते उकळत नाही याचे कारण बंद व्यवस्थेतील दाब. म्हणजे एक्स्पान्शन टँकला केसासारखा तडा गेला, झाकणाचे रबर कडक झाले किंवा होजच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड ठिसूळ झाला, तर गळती थेंबभरच असली तरी दाब टिकत नाही आणि उकळबिंदू खाली येतो. बाहेर ४३ अंश, आत एसी पूर्ण जोरात, आणि गाडी अंबाजोगाईच्या घाटात ट्रकच्या मागे, अशा स्थितीत सुरक्षिततेचे अंतर आधीच कमी झालेले असते. उष्णतेने प्लास्टिक म्हातारे होते, गाडी चालली काय किंवा दिल्लीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली काय. कमी किलोमीटर हे विक्रेत्याचे मोठे भांडवल असते. येथे ते फारसे कामाचे नाही.

वॉटर पंपाविषयी वेगळे लिहावे लागेल. जुन्या इंजिनात पंप बेल्टवर फिरतो आणि बिघडण्यापूर्वी बेअरिंग ओरडते, पाणी टपकते, म्हणजे आठवडाभर आधी सूचना मिळते. एन ५२ मध्ये पंप विजेवर चालतो. बेल्टच्या पंपाला लागते त्याच्या तुलनेत फार थोडी, सुमारे २०० वॅट, शक्ती तो घेतो आणि संगणक गरजेप्रमाणे त्याचा वेग ठरवतो. कल्पना अप्रतिम आहे. पण त्याच्या आतील इलेक्ट्रॉनिक सर्किट थकले की तो बहुधा कसलीही चाहूल न देता थांबतो, आणि या गाडीत कूलंटच्या तापमानाचा काटाच नसल्याने थेट दिवा लागतो. पिवळा लागला तर गती कमी करून एसी बंद करा. लाल लागला तर जिथे असाल तिथे गाडी बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ, तिथे गॅरेज आहे’ हा विचार या इंजिनाला परवडणारा नाही. पंप साधारण आठ-दहा वर्षे किंवा लाख-सव्वा लाख किलोमीटर टिकतो असा अनुभव आहे. आपण पाहिलेल्या गाडीत तो बदलल्याची पावती नसेल तर तो संपलेला आहे असे धरून पंप, थर्मोस्टॅट, टँक, झाकण आणि होज एकाच वेळी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विक्रेता नाही म्हणाला तरी हे काम पहिल्या उन्हाळ्याच्या आत करावेच लागेल.

पंप बदलल्यावर हवा काढण्याची पद्धतही ठरलेली आहे. बॅटरीला चार्जर लावावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन सुरू करावे, हीटर सर्वांत गरम आणि पंखा सर्वांत कमी ठेवावा, आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरावा. मग पंप स्वतःच सुमारे बारा मिनिटे फिरतो आणि हवा टँकमध्ये ढकलतो. रेस मारून, झाकण उघडे ठेवून हवा काढण्याची नेहमीची रीत येथे वापरली तर हेडमध्ये हवेचा फुगा राहतो, आणि नवा पंप असूनही गाडी तापते.

पाण्याच्या बाबतीत लातूरकरांना मी काय सांगावे? तरीही सांगतो: बोअरचे पाणी टँकमध्ये एकदाही घालू नका. आपल्याकडील काळ्या पाषाणातून येणारे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, त्यातील क्षार गरम पृष्ठभागावर साचतात आणि अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी रसायनेही निष्प्रभ होतात. कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, समप्रमाणात, दर तीन-चार वर्षांनी नवे. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ट्रॅक्टरसाठीही वाईट आहे, येथे तर घातकच. इंजिन कधीच योग्य तापमानाला येत नाही, मिश्रणात पेट्रोल जास्तच राहते आणि ते ऑइलमध्ये उतरते. कापसाच्या हंगामात रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामध्ये धूळ आणि तंतूंचा थर बसतो, तो वर्षातून एकदा इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने धुऊन काढावा.

ऑइलगळतीचा विषय त्या मानाने सरळ आहे, एक अपवाद सोडून. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट आणि चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचे, गॅस्केट ही तिन्ही रबरे दहा-बारा वर्षांत कडक होतात. कव्हरमधून गळलेले ऑइल प्लगच्या खळग्यात उतरून मिसफायर करते. प्लास्टिकच्या कव्हरमध्येच बसवलेला हवा सोडणारा पडदा फाटला तर शीळ ऐकू येते आणि आयडलिंग डगमगते. अपवाद आहे फिल्टर हाउसिंगचा. ते नेमके बेल्टच्या वर येते. त्यातून झिरपलेले ऑइल बेल्टवर पडून बेल्ट फुगतो, त्याचे दोरे सुटतात, आणि ते दोरे पुढच्या पुलीभोवती गुंडाळून क्रँकच्या ऑइल सीलमधून थेट इंजिनाच्या आत ओढले जातात. तिथून ते चेंबरमधील ऑइलच्या जाळीपर्यंत पोहोचले की इंजिनाला वंगण मिळणे धोक्यात येते. थोड्या किमतीच्या गॅस्केटवरून इंजिन गमावण्याचा हा मार्ग असल्यामुळे हाउसिंगखाली ओल दिसली तर थांबू नये, आणि बेल्ट, टेन्शनर त्याच वेळी बदलावेत.

ऑइल बदलण्यासाठी गाडीचा संगणक दोन वर्षे आणि २५ हजार किलोमीटरपर्यंतची मुभा देतो. तो हिशोब युरोपातील रस्त्यांचा आणि नव्या गाडीच्या मालकाला खूश ठेवण्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या धुळीत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, ही मर्यादा पाळा. ऑइल पूर्ण सिंथेटिक, बी.एम.डब्ल्यू.च्या लाँगलाइफ-०१ मान्यतेचे, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, सुमारे साडेसहा लिटर. बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नाही, त्यामुळे पातळी स्क्रीनवर पाहावी लागते आणि ती इंजिन गरम झाल्यावरच खरी दिसते. थंड इंजिनावर टिकटिक आवाज येऊन गरम झाल्यावर जात असेल तर ते हायड्रॉलिक टॅपेटचे लक्षण असते. आधीच्या इंजिनांत ते फार होते, नंतर हेड सुधारले गेले. केवळ शहरात दहा-दहा मिनिटे चालणाऱ्या गाडीत ते लवकर सुरू होते आणि लांबच्या एका फेरीनंतर पुष्कळदा थांबते.

यावरून वापराविषयी एक गोष्ट निघते, जी लोकांना उलटी वाटते. पुण्याची फेरी, किंवा जालन्याहून समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेत तीन-चार तास सलग चालणे, हे या इंजिनासाठी विश्रांतीसारखे आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिनावर भार थोडा असतो, समोरून वारा भरपूर येतो आणि ऑइलमधील ओलावा उडून जातो. त्याला खरा त्रास होतो तो गंजगोलाईच्या गर्दीत, एसी लावून, पंखा आणि पंप यांच्या भरवशावर रांगत जाण्याने. आपल्या वापरात दोन्ही आहेत, म्हणून मला तो मान्य आहे. गाडी फक्त शहरात फिरवायची असती तर मी ती घेऊ नका असे सांगितले असते.

इथेनॉलविषयी. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि आता सर्वत्र तेच मिळते. आपल्या लातूर-धाराशिवच्या उसाचाही त्यात वाटा आहे. ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. तिच्या काळातील युरोपीय गाड्या साधारण १० टक्क्यांपर्यंत गृहीत धरून बनवल्या जात. इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा घटते आणि मायलेज त्याच प्रमाणात उतरते. ज्वलनाला हवेच्या मानाने अधिक इंधन लागते, पण ऑक्सिजन सेन्सर वाचून संगणक ते स्वतः वाढवतो, आणि ती दुरुस्ती त्याच्या मर्यादेत बसते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने ११:१ च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या या इंजिनाला नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांच्या, दृष्टीने ते सोयीचेच आहे. शिवाय येथे पेट्रोल सिलिंडरमध्ये थेट न फवारता इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याचा, थेट फवारणीच्या इंजिनांना छळणारा प्रश्न नाही. चिंता आहे ती जुन्या रबराची, म्हणजे इंधनाचे होज, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि टाकीतील पंपाची सील. गाडी घेतल्यावर इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि रबरी होज नव्या घाला, आणि इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला तर तो दुर्लक्षू नका. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि रिकाम्या टाकीत त्याला हवा अधिक मिळते.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड आहे याची हाताने खात्री करून घ्या. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. टँकमधील कूलंट गढूळ किंवा तपकिरी असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय असेल, किंवा हेडच्या कडेला ताजे सीलंट दिसत असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. या गाडीचे किलोमीटर एकाहून अधिक कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले असतात, ते स्कॅनरवर जुळवून पाहा. २०१० ते २०१२ मधील सहा सिलिंडरच्या अनेक गाड्या कंपनीने २०१४ मध्ये कॅमची वेळ बदलणाऱ्या व्हॅनोस यंत्रणेचे बोल्ट बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. चॅसिस नंबर देऊन या गाडीचे ते काम झाले आहे का हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या. गाडी दिल्लीहून स्वस्त येण्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसते, तिथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर असलेल्या निर्बंधांत असते. पण आपल्याकडेही पंधरा वर्षे झाली की फिटनेस तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि २०११ च्या गाडीला ती तारीख आलेलीच आहे. म्हणून दिल्लीचे ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय आणि लातूरच्या आरटीओत नूतनीकरणाची प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय विसार देऊ नका.